बॅटरी बदलण्याआधी जोड पाहा



धानाचे चुकारे हाती आले की आपल्या गोंदिया जिल्ह्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. नवी गाडी परवडत नाही, म्हणून सेकंडहँड घ्यायची. एम.एच. ३५ च्या पाटीची मिळाली तर उत्तम, नाहीतर नागपूर नाहीतर भंडाऱ्याची. १४ डिसेंबर १९८३ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची चावी तिच्या मालकाच्या हाती दिली. त्या जातीची गाडी कारखान्यातून निघणे जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, पण आपल्या खेड्यांतून ती अजून धावते आहे. कुठे जुनी जीप आहे. कुणाच्या गोठ्याशेजारी एखादी अॅम्बेसेडर, नाहीतर मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली पद्मिनीही ताडपत्रीखाली झाकलेली दिसते.

गाडी जुनी झाली की इंजिनाआधी तिची वीज कुरकुर करू लागते. मागे या सदरातून आपण मोटारपंपाच्या स्टार्टरविषयी बोललो, तेव्हाच काही वाचकांनी विचारले होते, "पंपाचे सांगितले, आता गाडीचेही सांगा जी." आज ते सांगतो. पण आधी एक घडलेली हकिगत ऐका, म्हणजे हा विषय मी एवढ्या तळमळीने का मांडतो आहे ते कळेल.

त्या रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी मी धानावरच्या तुडतुड्याची पाहणी करायला गेलो होतो. दिवस मावळला, वरून पाऊस लागला, म्हणून एका शेतकऱ्याकडेच मुक्काम केला. रात्री साडेबाराच्या सुमारास शेजारच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. खाली जमिनीवर झोपलेल्या बारा वर्षांच्या पोराला मण्यार चावला होता. १०८ ला फोन केला, पण नाल्यावर पाणी होते आणि गाडी दूरच्या गावी गेलेली. पोराला लवकरात लवकर रुग्णालयात पोचवणे हाच एक उपाय होता. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या दारात एक जुनी लहान मोटार उभी होती, आणि दुसऱ्या वाटेने ती जाऊ शकत होती.

पोराला मागे निजवले. चावी फिरवली. एकदा "टक्" असा आवाज झाला आणि पुढचे दिवे विझले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"साहेब, बॅटरी तर नवीच टाकली जी! तीन महिने नाही झाले," घरधनी रडवेल्या आवाजात म्हणाले.

धक्का मारावा तर अंगणात घोटाभर चिखल. मी बॉनेट उघडायला लावले. घरच्या सूनबाईंनी टॉर्च धरला. बॅटरी खरोखरच नवी होती. पण तिच्या काळ्या तारेच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली होती. तारेचा क्लॅम्प हाताने हलवून पाहिला तर तो खुंटीवर सैल फिरत होता. पाना सापडेना. शेवटी पकडीने क्लॅम्प काढला, विळ्याच्या पात्याने आतून खरवडला, खुंटी खरवडली, पुन्हा बसवून पकडीनेच आवळला. चावी फिरवताच गाडी एका झटक्यात सुरू झाली. यात वीस मिनिटे गेली. मण्यार चावलेल्या माणसाची वीस मिनिटे किती मोलाची असतात, हे मी सांगायला नको.

पोराला वेळेत औषध मिळाले आणि ते वाचले. पण परतताना मी घरधन्यांना विचारले, "जुनी बॅटरी का बदलली होती?" ते म्हणाले, "गाडी चालू होत नव्हती, मिस्त्री बोलला बॅटरी गेली." म्हणजे जुनी बॅटरीही बहुधा बरी होती. खोट त्या सैल, कुजलेल्या जोडातच होती. चार हजार रुपये गेले आणि दुखणे जागच्या जागी राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे झाले.

म्हणून आजच्या लेखाचे सार आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीच्या विजेच्या दहा तक्रारींतल्या पुष्कळशा तक्रारी यंत्राच्या नसतात, जोडाच्या असतात. कुठे सैल, कुठे गंजलेला, कुठे उंदराने कुरतडलेला. सामान बदलण्याआधी जोड पाहा. हे काम घरच्या घरी होते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

वीज जाते तशी परतही यायला हवी

बोडीतले पाणी पाटाने बांधीत येते आणि तिथेच मुरते. विजेचे तसे नाही. बॅटरीच्या एका टोकातून निघालेली वीज दिवा पेटवून, हॉर्न वाजवून दुसऱ्या टोकाला परत आली पाहिजे. जाण्याची वाट तुटली तरी काम बंद, येण्याची तुटली तरी काम बंद.

जाण्याची वाट म्हणजे रंगीत तारा. येण्याची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. बॅटरीची काळी तार, म्हणजे उणे टोक, गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला बोल्टने आवळलेले असते. यालाच मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. दिवा, वायपर, हॉर्न या प्रत्येकाचा अर्थ कुठल्या ना कुठल्या स्क्रूने अंगाला जोडलेला असतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि चिखल. त्या स्क्रूखाली गंज चढतो, येण्याची वाट बुजते. पाटात गाळ साचला तर आपण मोटारपंप बदलत नाही, गाळ काढतो. इथेही तसेच करायचे.

लागणारे सामान आणि घ्यायची काळजी

दहा नंबरचा आणि बारा नंबरचा पाना, पकड, पेचकस, सँड पेपरचा तुकडा, जुना टूथब्रश, काळी टेप, थोडी व्हॅसलीन आणि खायचा सोडा एवढे पुरे. साधा मल्टिमीटर मिळाला तर फार चांगले. नसेल तर घरीच टेस्ट लॅम्प करा. १२ व्होल्ट, ५ वॅटचा एक लहान बल्ब, त्याचा होल्डर आणि त्याला हातभर लांबीच्या दोन तारा, झाला तयार.

आता काळजी. गाडीच्या बारा व्होल्टने घरच्या विजेसारखा झटका बसत नाही, पण बॅटरीत जोर एवढा असतो की अंगठी, कडे किंवा पाना तिच्या दोन टोकांत अडकला तर लाल होऊन बोट जाळतो. म्हणून हातातली अंगठी, कडे, धातूची बांगडी काढून ठेवा. बॅटरी भारताना तिच्यातून जळणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी, काडी, कंदील नको. आतले पाणी म्हणजे तेजाब आहे. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. पेट्रोल गाडीच्या प्लगकडे जाणाऱ्या जाड तारांना इंजिन चालू असताना हात लावू नका, त्यांत हजारो व्होल्ट असतात.

बॅटरी सोडताना काळी, म्हणजे उणे तार आधी सोडावी आणि लावताना ती शेवटी लावावी. कारण सोपे आहे. काळी तार सुटलेली असली म्हणजे लाल टोकावरचा पाना चुकून गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

बॅटरीचे टोक

दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून पाहा. हलता कामा नयेत. पांढरी-हिरवी पूड दिसली तर क्लॅम्प काढा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा. फेस येईल, येऊ द्या. बॅटरीची झाकणे मात्र घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर तेजाब मरते. साध्या पाण्याने धुऊन, पुसून, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू सँड पेपरने चकचकीत करा. क्लॅम्प आवळून मग वरून व्हॅसलीन लावा. त्या रात्री हेच काम मी विळ्याच्या पात्याने केले होते. आधी केले असते तर वीस मिनिटे वाचली असती.

काळ्या तारेचे दुसरे टोक विसरू नका. ती जिथे गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला बोल्टने लागते तिथेही गंज असतो. एक जुनी खूण सांगतो. दोन-चार वेळा सेल्फ मारून झाल्यावर प्रत्येक जोडाला जपून बोट लावून पाहा. जो जोड गरम लागेल तो रोगी. वाट अरुंद झाली की वीज तिथेच उष्णतेत वाया जाते.

झाकणांची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी पाहा. पाट्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे नको, बोअरचे नको. तेजाबही घरी घालू नका.

मल्टिमीटर असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी मेलेली असतेच असे नाही. ती भारून पाहिल्याशिवाय नवी घेऊ नका.

सेल्फ काय सांगतो

चावी फिरवताना पुढचे दिवे लावून ठेवा आणि पाहा.

"टक्" झाले आणि दिवे पार विझले, तर बॅटरीचा जोड सैल किंवा गंजलेला आहे. "टकटकटक" असा आवाज येऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि एकदाच "टक्" झाले, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड तारेच्या जोडात आहे. जोड पाहा, तो बरा असेल तर सेल्फ मिस्त्रीकडे न्या. दिवे तेजस्वी आणि आवाजच नाही, तर सेल्फला जाणाऱ्या बारीक तारेची चिमटी सुटली आहे का ते पाहा. चावीचा स्विच खराब झाला तरीही असेच होते.

इतक्या खुणा पाहून मिस्त्रीकडे गेलात तर तोही तुम्हाला भलतेच सामान सांगणार नाही. "गाडी चालू होत नाही" असे सांगण्यापेक्षा "दिवे तेज आहेत, एकदाच टक् वाजते" असे सांगा. दुखणे नीट सांगणाऱ्याला औषध नीट मिळते.

बॅटरी भरते का?

चावी दिली की समोरच्या फळीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा. चालत्या गाडीत तो पेटला, तर बॅटरी भरणे थांबले असे समजा. इंजिन बंद करून आधी पट्टा पाहा. तुटला आहे का, सैल झाला आहे का? मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण बोटभर रुंदीइतकाच दबला पाहिजे. पावसात गाडी सुरू करताना "चीं" असा आवाज येतो तो बहुधा सैल पट्ट्याचाच. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. तेव्हा पट्टा तुटलेला असेल तर गाडी पुढे रेटू नका, इंजिन तापून बसेल.

मल्टिमीटरने इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आले पाहिजेत. १२.५ च्या खालीच राहिले तर भरणा होत नाही. १५ च्या वर गेले तर जास्त भरणा होतो आहे, बॅटरीचे पाणी उकळून आटेल. दोन्ही कामे मिस्त्रीची.

इथे एका जुन्या सवयीविषयी कळकळीने सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची, गाडी चालू राहिली तर भरणा ठीक, अशी परीक्षा अनेक जण घेतात. ही डायनामोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत असे केले तर व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरचे आतले भाग जळू शकतात. बरी गाडी आजारी पाडण्याचा हा उद्योग आहे. करू नका.

दिवे आणि इंडिकेटर

आपल्या जिल्ह्यातून देवरी, कोहमाऱ्यावरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. रात्री तिथे मागचा लाल दिवा नसलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकपुढे टाकलेला धोंडाच. म्हणून मागचे दिवे कधीही उधारीवर ठेवू नका.

एक हमखास खूण लक्षात ठेवा. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिचमिचतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद पेटतो. असे दिसले तर बल्ब बदलत बसू नका. तिथला अर्थ गेला आहे. परतीची वाट न मिळाल्याने वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते. पाटाला बांध पडला की पाणी शेजाऱ्याच्या बांधीत शिरते, तसाच हा प्रकार.

खात्री करण्यासाठी टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या लाल टोकाला जोडा. लांबी पुरत नसेल तर तारेचा तुकडा वाढवून घ्या. दुसरी तार दिव्याच्या धातूच्या अंगाला लावा. टेस्ट लॅम्प झगझगीत पेटला तर अर्थ चांगला. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर अर्थाचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून लोखंड चमकवा आणि घट्ट आवळा. होल्डरमधली पितळी जीभ काळी पडली असेल तर तीही सँड पेपरने घासा.

एका बाजूचे इंडिकेटर दुप्पट वेगाने मिचकू लागले, तर त्या बाजूचा एक बल्ब बहुधा गेला आहे. नवा बल्ब लावताना त्याच्यावरचे व्होल्ट आणि वॅट जुन्यासारखेच आहेत ना, ते वाचून घ्या. पुढच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर काच तिथे जास्त तापून बल्ब लवकर जातो. कापडाने धरून बसवा.

फ्यूजच्या जागी तार? कधीही नाही

डीपीवरच्या किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळून पंप चालवण्याचे धाडस आपल्याकडे होते. त्याचे परिणाम गावोगाव लोकांनी पाहिले आहेत. गाडीतही तेच चालते. कुणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो, कुणी चमकी कागद गुंडाळतो.

हिशेब पाहा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. पुढचा ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, दोन दिवे मिळून १०. त्या वाटेवर १५ चा फ्यूज असेल, तर तार सोलून अंगाला लागताच विजेचा लोंढा १५ च्या कितीतरी वर जातो आणि फ्यूज जळून वाट बंद करतो. तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घातली तर ती जळत नाही. मग जळते ती आतली बारीक वायर, आणि तिच्याबरोबर गाडी. आत लेकरे बसलेली असतात, शेजारी तणसाचा ढीग असतो, हे लक्षात ठेवा.

पात्याच्या फ्यूजवर आकडा लिहिलेला असतो आणि रंगही ठरलेले असतात. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो आकडा होता तोच लावायचा. प्रत्येकी दोन फ्यूज डिकीतल्या डब्यात ठेवा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावू नका. तार कुठेतरी अंगाला लागते आहे, ती शोधा. दाराच्या बिजागरीपाशी, डिकीच्या झाकणापाशी, आणि मागून बसवलेल्या टेपच्या किंवा मोठ्या हॉर्नच्या तारांमध्ये आधी पाहा.

उंदीर आणि उभ्या गाडीची बॅटरी

धान घरात आले की उंदीरही येतो. थंडीत त्याला इंजिनाची ऊब आवडते, आणि तारांवरचे आवरण तो आवडीने कुरतडतो. म्हणून गाडी धानाच्या कोठीला किंवा तणसाच्या पुंजण्याला लागून उभी करू नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, भुसा, कुरतडलेली तार दिसते का पाहा. तार सापडली तर उणे टोक सोडून ती तेवढ्या जागी सोला, पिळून जोडा, जमले तर डाक देऊन घ्या आणि काळी टेप घट्ट गुंडाळा. शेजारच्या दोन उघड्या तारा एकमेकींना लागणार नाहीत, हे पाहा.

उभ्या गाडीची बॅटरी रातोरात उतरत असेल तर वीज कुठेतरी गळते आहे. पुन्हा हिशेब. पुढचे दोन दिवे चालू राहिले तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी चार तासांच्या आत संपते. आतला ५ वॅटचा दिवा राहिला तर साडेतीन दिवसांत. गळती शोधायला चावी काढा, दारे लावा, काळी तार सोडा आणि ती तार व बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. तो पेटला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल, त्या वाटेवर चोर आहे. लॅम्प लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका.

ट्रॅक्टरची बॅटरी उसनी घेताना

अडीनडीला ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मोटार सुरू करता येते. दोन्ही बारा व्होल्टच्या हव्यात. ट्रकमध्ये पुष्कळदा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, त्या जोडणीवरून घेऊ नका. ट्रॅक्टर बंद ठेवा. दोन्ही वाहनांची अंगे एकमेकांना टेकू देऊ नका. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग ट्रॅक्टरच्या अधिक टोकाला. काळी तार ट्रॅक्टरच्या उणे टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक मोटारीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. गाडी सुरू झाली की उलट क्रमाने काढा. तारा जाड हव्यात. घरच्या वायरिंगची तार यासाठी लावली तर ती हातात वितळेल.

आपण कुठे थांबायचे

पेट्रोलचा वास येत असेल तर विजेच्या कुठल्याही जोडाला हात लावू नका. गॅसवरची गाडी, संगणकावर चालणारे इंजिन, एअरबॅगच्या पिवळ्या तारा, अल्टरनेटर आणि सेल्फ उघडणे ही घरची कामे नव्हेत. गाडीला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची तार आधी सोडायला सांगा. मिस्त्रीची विद्या मोठी आहे, तिचा मान ठेवा. फक्त जोड सैल असताना तिच्याकडे धावू नका, एवढेच माझे म्हणणे.

त्या गावी पुढच्या हंगामात मी पुन्हा गेलो. घरधनी धुऱ्यावर भेटले. "गाडी कशी आहे?" विचारले तर हसून म्हणाले, "आता आमची सूनबाईच मिस्त्री आहे जी." घरी गेलो तेव्हा पाहिले. पडवीत खुंटीला दहाचा पाना, सँड पेपर आणि व्हॅसलीनची डबी एका पिशवीत टांगलेली होती. सूनबाई दर बाजाराच्या दिवशी, गाडी बाहेर काढण्याआधी, क्लॅम्प हलवून पाहतात, चारी बाजूंचे दिवे लावून पाहतात, पंधरवड्याला टोके पुसतात. साप चावलेले ते पोर तिथेच ओसरीवर अभ्यास करीत बसले होते. मागचे दिवे लागतात की नाही, हे मागे उभे राहून सांगण्याचे काम त्याच्याकडे दिलेले आहे.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. घालावाच. त्या दिवशी बॉनेटही उघडा आणि बॅटरीची दोन टोके पुसा. पण पावसाळा दसऱ्याची वाट पाहत नाही, म्हणून रोवणी सुरू होण्यापूर्वी एकदा ही सगळी तपासणी करून घ्या. आणि हो, १०८ हा आकडा घरातल्या लेकरांनाही पाठ असू द्या. गाडी दारात असली तरी मदतीचा फोन आधी करावा.

पुढच्या खेपेला फवारणी पंपाच्या नोझलविषयी बोलू. तोवर रामराम!